बलुतं सुटलं, ठेका राहिला

कर्जत-खालापूर पट्ट्यात लग्नातल्या वाजपाचा विषय निघाला की एक उतरंड हमखास ऐकायला मिळते. आधी सनई होती, मग पितळी बँड आला, त्याला बेंजोने हुसकावलं आणि शेवटी डीजेने सगळ्यांचाच निकाल लावला. क्रम साधारण बरोबर आहे, पण त्यामागचं म्हणून जे कारण सांगितलं जातं ते मला पटत नाही. लोकांची आवड बिघडत गेली, मुंबईचं वारं लागलं, आपलं टाकून परक्याची नक्कल सुरू झाली, असं ते कारण असतं. हाच इतिहास वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर वेगळंच दिसतं. सनई-ढोलाच्या काळात वाजवणं हे बहुतेकांना जन्माने चिकटलेलं काम होतं. बँड आणि बेंजोच्या काळात ते सुपारी घेऊन करायचं काम झालं. सुपारी घेणारा दर ठरवतो, तारीख नाकारू शकतो, वाद्य स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि गिऱ्हाईक काय मागतंय तिकडे कान ठेवतो. आवाज बदलला तो या बदललेल्या व्यवहारामागोमाग. आणि एवढं सगळं उलटंपालटं होऊनही ठेका जवळजवळ जागचा हलला नाही. या दोन गोष्टी एकत्र धरल्या तरच या भागातल्या वाजपाचा इतिहास उलगडतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी भाग कसा आहे ते पाहू. १८५६ साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुढची गाडी धरायचा. घाट जोडला गेला आणि कर्जत हे दोन मोठ्या शहरांमधलं ठाणं झालं. एका टोकाला मुंबई: गिरण्या, गोदी, गोवेकर वादक, पलटणींचे बँड. दुसऱ्या टोकाला पुण्याचं लष्कर आणि घाटमाथ्यावरच्या मावळ-मुळशीचे ढोल. तळकोकणातला चाकरमानी गणपती-शिमग्यालाच काय तो घरी यायचा. कर्जत-नेरळच्या माणसाला शनिवारची गाडी धरून घरी येता येत होतं. मुंबईत जे वाजतं ते इथे लवकर पोचणार हे ओघानेच आलं. पण ते पोचायचं कुणाकडे? इथे आगरी आहेत, कुणबी-मराठे आहेत, डोंगराच्या अंगाला ठाकर आणि कातकरी आहेत, गावोगाव बौद्ध वस्त्या आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीचा मान पुरोहिताच्या बरोबरीचा होता. ठाकरांचा ढोल त्यांच्याच वाडीत, त्यांच्याच माणसांनी वाजवायचा. ल. ना. चापेकरांनी १९६० साली सह्याद्रीतल्या ठाकरांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तो समाज नाचगाण्यासाठी बाहेरच्या कुणावर अवलंबून नव्हता. म्हणजे 'पूर्वी सगळीकडे सनई होती' हे वाक्य मुळात गावठाणातल्या, ऐपतदार घरांच्या लग्नांपुरतंच खरं आहे.

त्या ऐपतदार लग्नात वाजवायचं कोण? रायगडच्या दक्षिण भागात ज्याला खालूबाजा म्हणतात त्यात सनई, ढोल, टिमकी आणि झांज असा संच असतो. घाटाखालच्या आपल्या पट्ट्यात नाव आणि एखाददुसरं वाद्य बदलतं, पण जुळणी त्याच घराण्यातली. सनई-संबळ गुरव, घडशी किंवा न्हावी यांच्याकडे, आणि ढोल, डफ, हलगी ही कातडी वाद्यं तेव्हाच्या महार-मांग समाजांकडे, अशी महाराष्ट्रात साधारण वाटणी होती. गावागणिक ती थोडी इकडची तिकडे होई. मोबदला बलुत्यात, म्हणजे सुगीच्या धान्यात, आणि वर लग्नातलं उरलंसुरलं अन्न. दर ठरवायची सोय नव्हती आणि नको म्हणायचीही नव्हती. पाटलाच्या घरी लग्न निघालं की वाजवायला जायचं, देवाची पालखी निघाली की पुढे चालायचं, शिमग्याला ढोल घ्यायचा. ज्याच्या वाजपाशिवाय देव देवळाबाहेर पडत नव्हता त्याला त्या देवळात पाय टाकता येत नव्हता. सनईच्या मंगल सुरांबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ही अट मजकुरातून नेहमी वगळलेली असते. ती वगळली की उरतं ते फक्त संगीत, आणि मग त्याचा ऱ्हास का झाला हे कोडं वाटू लागतं.

कोडं सोडवायला फार लांब जायला नको. हा सगळा भाग ज्या जिल्ह्यात आहे त्याच तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याच्या हक्काबरोबरच, गावकीने लादलेली हलकी कामं सोडा, असं डॉ. आंबेडकरांचं सांगणं होतं. मेलेली गुरं ओढणं, शिळं अन्न घेणं यांबरोबर सणासमारंभात गावापुढे वाजवणंही महाराष्ट्रभर अनेक ठिकाणी त्या कामांत मोजलं गेलं. ते नाकारणाऱ्यांवर बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा नकार पक्का झाला आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनंच संपली. ढोल खाली ठेवला गेला तो कुणाला बँड जास्त आवडला म्हणून नव्हे. ज्यांनी तो खाली ठेवला त्यांचं संगीताशी वैरही नव्हतं. त्याच समाजातून आंबेडकरी जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक गावोगाव फिरले, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आधी बँड, मग बेंजो जोरात वाजू लागला. दुसऱ्याच्या दारी सक्तीने वाजवायचं नाही, आपल्या मिरवणुकीत मात्र पैसे देऊन, हौसेने वाजवून घ्यायचं. वाद्यांच्या इतिहासातलं हे वळण नोंदवल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

जी जागा रिकामी झाली ती पितळी बँडने भरली. बँडचा उगम पलटणीतला हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या पलटणींनी आणि त्यांचं पाहून संस्थानिकांनी बँड बाळगले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती वाद्यं लग्नाच्या रस्त्यावर आली. मेरठच्या जळी कोठी भागात ती बनू लागली, तशी विलायती मालाची गरजही उरली नाही. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, पुढे सॅक्सोफोन, साइड ड्रम, छातीवर बांधलेला मोठा ड्रम, झांज आणि खुळखुळा असा ताफा झाला. या वाद्यांच्या बाजूने एक गोष्ट होती जी सनईकडे नव्हती: ती कुठल्या जातीच्या नावावर नव्हती. पैसे जमवले की दुकानातून कुणालाही ट्रम्पेट आणता येत होता. अंगात झालरीचा लाल-निळा कोट आणि डोक्यावर टोपी चढली की निदान रस्त्यावर तरी वाजवणाऱ्याची ओळख आडनावाने होत नव्हती, बँडच्या पाटीवरच्या नावाने होत होती. पलटणीतले कागदावरचे स्वर मात्र मागेच राहिले. लग्नाचा बँड कानाने शिकतो. सिनेमाचं गाणं दोन-चारदा ऐकायचं, मुख्य ट्रम्पेटवाल्याने चाल उचलायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे लागायचं. त्या सिनेमातल्या गाण्यांमध्येही पितळ वाजवणारे पुष्कळदा मुंबईतले गोवेकरच होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक मूळचा गोव्याचा, सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा वाटा मोठा. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं जॅझ गोवेकरांच्या ओठांतून हिंदी सिनेमात, तिथून कर्जतच्या बाजारपेठेतल्या वरातीत. हा प्रवास कुणी आखलेला नव्हता.

बेंजोकडे वळताना, त्याच्या साथीला वाजणाऱ्या ढोल-ताशांसाठी, थोडं पावसाबद्दल बोलायला हवं, कारण वाद्यांच्या इतिहासात पाऊस कुणी मोजत नाही. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गणपती त्याच्या शेपटावरच येतात. कातडं ओल धरतं, सैल पडतं, आणि ढोलाचा आवाज बसतो. ताशा तर दर थोड्या वेळाने विस्तवावर शेकावाच लागतो. गवताचा, कागदाचा जाळ करायचा, ताशाचं तोंड त्यावर फिरवायचं, बोटाने टिचकी मारून चढलेला सूर पाहायचा आणि पुन्हा गळ्यात अडकवायचा. भर पावसात मिरवणूक थांबवून हे करणार कोण? म्हणून प्लास्टिकचं पान आलं तेव्हा ते पाहता पाहता रुळलं. त्याचा आवाज कोरडा आणि कडक, कातड्याची घुमार त्यात नाही. पण श्रावण-भाद्रपदात तो बसत नाही. ज्यांना हा बदल निव्वळ स्वस्ताईचा वाटतो त्यांनी एकदा भिजलेल्या कातड्याचा ढोल ऐकावा.

बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल, कातड्याचा बँजो नव्हे. हा मूळ जपानी: १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, त्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे रस्त्यावर आल्यावर बेंजो. एका लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, डाव्या हाताने कळ दाबली की खालची पट्टी तारेला टेकते, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. हार्मोनियम थोडंफार जमणाऱ्या पोराला काही आठवड्यांत गाणं बसवता येतं. सनईचं तसं नाही. जिव्हाळीवर ओठ बसवायला, दम न तोडता सूर धरायला वर्षं जातात, आणि ती वर्षं काढायला घरातच सनई असावी लागते. शिकायला सोपं वाद्य म्हणून बेंजोला हसतात. माझ्या मते त्याचं सोपं असणं हाच त्याच्या सामाजिक इतिहासाचा गाभा आहे. घराणं नसलेल्या मुलांसाठी ते वाद्य होतं. आगरी, कुणबी, बौद्ध, कोळी अशी पोरं एकाच पार्टीत दिसू लागली ती इथपासून.

पण नुसता बेंजो रस्त्यावर ऐकू जाणार नाही. त्याला वीज लागते, आणि इथे या भागाच्या इतिहासातला एक विचित्र योग येतो. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि भिवपुरीचं १९२२ साली. एक खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जत तालुक्यात. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली सोडून इथे जी वीज तयार झाली ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. नळांच्या आणि तारांच्या सावलीतली गावं त्यानंतर कित्येक वर्षं कंदिलावर होती. खेड्यापाड्यांत वीज आली ती स्वातंत्र्यानंतर, तीही हप्त्याहप्त्याने. वीज आल्यावर घरातल्या दिव्यामागोमाग भोंगा आला. बेंजोला पिकअप लागला, हातगाडीवर ॲम्प्लिफायर आणि कर्णे चढले, पुढे टेम्पो आणि जनरेटर. कॅसेटच्या काळात कोळी-आगरी गीतांचा पूर आला आणि बेंजोवाल्यांना रोज नवा माल मिळू लागला. मग कॅसिओ, मग रोलँडचा ऑक्टोपॅड, ज्याची पहिली आवृत्ती १९८५ ची. हळदीच्या रात्री अंगणात बेंजो लावणं ही आगरी घरांत प्रतिष्ठेची बाब झाली. रवी जाधवांनी २०१६ साली या मुंबईकर वाद्यावर आख्खा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा पुष्कळ शहरी प्रेक्षकांना असं काही आहे हे पहिल्यांदा कळलं. कर्जत-खालापुरात तेव्हा बेंजो जुना झाला होता.

आता मुख्य आक्षेप. हे सगळं उसनं आहे, जपानी पेटी, इंग्रजी ट्रम्पेट, हिंदी चाल. यात आपलं काय? पहिलं उत्तर सोपं: सनई आणि नगारा यांचे पूर्वजही पश्चिम आशियातले, ताशाही तिकडचाच, आणि कीर्तनातली पेटी फ्रान्समधून आलेली. वाद्याचा जन्मदाखला मागायला बसलं तर देवळातला नगारखानाही रिकामा करावा लागेल. पण हे उत्तर अपुरं आहे, कारण ती वाद्यं पचायला शतकं मिळाली होती आणि बेंजोला ती मिळालेली नाहीत असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून जरा लांबचं उदाहरण घेतो, जिथे उसनवारी ताजी होती आणि सगळ्यांना ठाऊक होती. फंक हे साठच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी घडवलेलं संगीत. जेम्स ब्राउन हा त्याचा मुख्य कारागीर. त्यात चाल दुय्यम, पहिल्या मात्रेवरचा आघात आणि त्याभोवती गुंफलेली लय हेच सर्वस्व. १९७२ साली लंडनमध्ये काही स्कॉटिश तरुणांनी हे संगीत वाजवणारा ताफा काढला आणि स्वतःचीच थट्टा करत नाव ठेवलं ॲव्हरेज व्हाइट बँड. 'पिक अप द पीसेस' ही त्यांची जवळजवळ शब्दच नसलेली धून फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याआधीच, सप्टेंबर १९७४ मध्ये, त्यांचा ड्रमवादक रॉबी मॅकिंटॉश लॉस एंजेलिसला अमली पदार्थाने मेला होता. त्याच्या जागी आला स्टीव्ह फेरोन, ब्रायटनचा काळा वादक. म्हणजे 'व्हाइट' बँडचा ठेका धरणारा माणूसच गोरा उरला नाही. जेम्स ब्राउनच्या वादकांनी 'अबव्ह ॲव्हरेज ब्लॅक बँड' असं नाव घेऊन त्या धुनेला जवाबी धून काढली. जवाबी लावण्या ऐकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. पुढे डिस्कोची लाट आली तेव्हा हाच ताफा १९८० च्या 'लेट्स गो राउंड अगेन'मध्ये डिस्कोकडे वळला.

या उदाहरणातून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे, ज्या संगीतात लय हेच धन आहे तिथे चाल उसनी आहे की स्वतःची, हा प्रश्न गौण होतो. वेळेवर आघात पडला की नाही, एवढंच विचारलं जातं. दुसरी गोष्ट कमी सुखद आहे. त्याच सुमारास लंडनमध्ये सिमांडे नावाचा ताफा होता, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या वादकांचा. १९७२ ते १९७४ या काळात त्यांचे तीन संग्रह निघाले, अमेरिकेत थोडंफार नाव झालं, पण खुद्द ब्रिटनने दाद दिली नाही आणि ताफा पांगला. पुढे अमेरिकेतल्या रॅपवाल्यांनी त्यांच्या धुनांचे तुकडे उचलले. फ्यूजीजच्या १९९६ च्या 'द स्कोर'मध्ये असा तुकडा आहे. तेव्हा कुठे लोक मूळ रेकॉर्डी शोधू लागले. संगीत एकाच जातकुळीचं, शहर एकच. फरक पडला तो कोण वाजवतंय याने. बलुत्याचा इतिहास असलेल्या समाजाला हे समजावून सांगायची गरज नाही. हे उदाहरण ताणायचं म्हटलं तर मात्र तुटतं: स्कॉटिश मंडळींच्या मागे रेकॉर्ड कंपनी होती, धुनेवर त्यांचा मालकी हक्क होता. बेंजोवाल्याच्या धुनेवर त्याचा कसलाही हक्क नसतो, कारण धून सिनेमाची असते. आणि त्याने त्यात घातलेली भर कुठे नोंदली जात नाही.

ती भर कसली? तर ठेक्याची. आगरी-कोळी गाण्यांचा ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगाचा पण दुडक्या चालीचा. पाय आपोआप उचलावा असा. बेंजो पार्टी एखादं चार मात्रांचं हिंदी गाणं घेते आणि मुखडा संपता संपता ढोलकी-ताशेवाले ते सहाच्या चालीवर वळवतात. चाल तीच, वजन दुसरं. मिरवणूक चढावर असली की लय धरून ठेवायची, चौकात आली की दुगुण करायची, देवळासमोर आरतीसारखी संथ करायची, हे नियम सनई-ढोलाच्या काळातलेच आहेत. खोपोलीजवळ साजगाव-ताकईला कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीसाठी तिची ख्याती. विठोबाच्या यात्रेत सुके बोंबील विकणाऱ्या या मुलखाला शुद्धतेचं कौतुक कधीच फार नव्हतं. तिथेही ज्ञानोबा-तुकारामाच्या टाळांच्या गजरापासून हाकेच्या अंतरावर कर्ण्यांवरचा ठेका सुरू असतो आणि कुणाला विसंगती जाणवत नाही. वाद्यं बदलली तरी पायांना ओळखीची वाटणारी गोष्ट बदलली नाही. म्हणूनच बँडवरून बेंजोवर जाताना नाचणाऱ्यांना नव्याने काही शिकावं लागलं नाही.

सनईच्या चाहत्यांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. बेंजोच्या कळेवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं, मधल्या श्रुतीवर रेंगाळणं ही सनईची खरी दौलत, आणि ती पट्टीच्या वाद्यात मिळणार नाही. बेंजोवाला ती उणीव नखीच्या जलद दुहेरी छेडीने झाकतो. सूर थरथरतो, पण वळत नाही. पहाटेचा राग, तिन्हीसांजेचा राग असं वेळेचं भानही गेलं. हे नुकसान खरं आहे. त्याची भरपाई ठेक्याने होते असं म्हणणं लबाडीचं ठरेल. पण ते नुकसान टाळायचं असतं तर सनईवाल्याच्या मुलाला सनई शिकण्यासाठी जगण्याजोगे पैसे आणि बसायला इतरांच्या पंगतीत जागा मिळायला हवी होती. गावाने ते दिलं नाही. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात लागला, दुसरा लोकलने ठाण्याला जाऊ लागला. दौलत गेली ती बेंजोने लुटली म्हणून नव्हे.

डीजेबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि इथे उतरंड सांगणाऱ्यांशी मी थोडा जवळ येतो. बँड आणि बेंजो हे एकमेकांचे वारस होते, कारण दोन्हीत माणसं वाजवत होती. डीजेत ठेका आहे, आगरी गीतांची रिमिक्स आहेत, सहा मात्राही आहेत. पण पायांकडे पाहून लय कमी-जास्त करणारा हात नाही. पंधरा-वीस जणांच्या सुपारीचे पैसे दोघा-तिघांत आणि भाड्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरात जातात. त्यावर कायद्याने लगाम घातला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. त्या बंदीचा फायदा ढोलाला आणि बेंजोला झाला हे उघड आहे. पण कायदा आवाज मोजतो, वाजवणारी माणसं मोजत नाही; कर्णे लावलेल्या बेंजोलाही तोच नियम लागतो. द्रुतगती मार्ग झाल्यापासून कर्जत-खालापुरात शेतघरं आणि रिसॉर्ट उगवली आहेत. तिथली लग्नं मुंबई-पुण्याची, डीजेही तिकडचाच. गावातल्या ताफ्याला दारात पाहुण्यांचं स्वागत करण्यापुरतं बोलावलं जातं, तेही फेटा बांधून, फोटोत चांगलं दिसावं म्हणून.

शेवटी एक आक्षेप माझ्याच मांडणीवर घ्यायला हवा. सुपारीने जात पुसली का? पूर्ण नाही. बँडवाल्यांची पंगत अजूनही शेवटी बसते, वरातीत नाचणारे त्यांच्या अंगावर नोटा ओवाळून टाकतात आणि त्या त्यांनी वाकून वेचायच्या असतात. सुपारीने नकाराचा हक्क दिला, मान दिला नाही. याच्या उलट दिशेने घाटमाथ्यावर दुसरीच गोष्ट घडली. मुळशी-मावळच्या खेड्यांतला ढोल पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी उचलला आणि बघता बघता मध्यमवर्गीय मुलांची पथकं उभी राहिली. तीच लाट घाट उतरून खोपोली-कर्जतलाही आली. ढोल तोच, टिपरू तेच, पण कमरेला तो बांधणारी मुलं इंजिनीअरिंगला किंवा बँकेत, मोबदला पथकाच्या निधीत, आणि सत्काराला शाल-नारळ. बलुत्याची सक्ती सुटल्यावरच हा ढोल सगळ्यांना 'आपली संस्कृती' वाटू लागला, आणि ज्यांनी तो सक्तीमुळे खाली ठेवला होता त्यांना हे पाहून काय वाटत असेल याची चौकशी कुणी करत नाही. या पथकांचं एक श्रेय मात्र नाकारता येणार नाही: त्यांच्यात मुलीही ढोल बांधतात, ताशा वाजवतात, ध्वज नाचवतात. सनई-ढोलाच्या संचात, पितळी बँडमध्ये आणि बेंजोच्या गाडीवर बाई क्वचितच दिसली. ज्या भागात लग्न लावायचा मान धवलारणीच्या गळ्याला होता, त्या भागात.